म्हाताऱ्याचे मास्तर

आमचे मास्तर सत्तावीस वर्षं एकाच म्हाताऱ्याचं चित्र काढत होते, आणि तो म्हातारा त्यांच्या ओळखीचाही नव्हता. तीनेकशे वर्षांपूर्वी हॉलंडातल्या कुणा मोठ्या चित्रकारानं तो रंगवला होता. कुठल्याशा जाड इंग्रजी पुस्तकातून सुटलेलं त्याचं छापील पान मास्तरांच्या हाती लागलं, आणि ठाण्याला टेंभी नाक्यापासून जरा आत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते काचेमागे टांगलं गेलं. डोक्याला पागोट्यासारखं काहीतरी गुंडाळलेला, ओलसर डोळ्यांचा, नाकाच्या शेंड्यावर उजेडाचा एक ठिपका घेऊन बसलेला म्हातारा. सकाळी देवाला फूल वाहून झालं की मास्तर त्याच्या काचेवरून फडकं फिरवत. देवाला फूल एखाद्या दिवशी चुकायचं, म्हाताऱ्याचं फडकं चुकत नसे. नाक्यावर त्यांना आडनावानं कुणी ओळखत नव्हतं. "म्हाताऱ्याचे मास्तर कुठे राहतात?" असं विचारलं की पानवाला हातातलं पान न सोडता मानेनंच जिना दाखवायचा.

मी तिथे गेले ते एक्कावन्न साली. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. शिकवत होते म्हणजे फळ्यावर वांगं काढून त्याची सावली कुठे पडते ते मुलींना सांगत होते. तैलरंगाला मी कधी हातही लावलेला नव्हता, आणि ही गोष्ट मुलींच्या लक्षात येण्याआधी शिकून घ्यावं असा माझा विचार होता. वडिलांनी चौकशी केली. मास्तर पन्नाशीच्या पुढचे, घरात बायको, मूलबाळ नाही, दार दिवसभर उघडं. परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी मी उत्साहानं सांगितलं, "मास्तर, मला माणसांचे चेहरे रंगवायचेत."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "आधी हा. हा पास झाला की मग माणसं."

"साधारण किती दिवसांत पास होतो?"

"माझा अजून झालेला नाही," मास्तर म्हणाले.

मला तो विनय वाटला. तो विनय नव्हता, माहिती होती. पुढच्या चार वर्षांत मी त्या म्हाताऱ्याच्या सात नकला केल्या आणि सातही वेळा मास्तरांनी मान हलवून "डोळा" एवढाच शब्द उच्चारला.

त्यांची रीत ठरलेली होती. पानावर काच, काचेवर शाईनं आखलेले बारीक चौकोन. तेवढेच चौकोन कॅनव्हासवर. एकेका चौकोनात काय आहे ते बघायचं, म्हातारा बघायचाच नाही. मग तपकिरी रंगाचा पातळ हात, तो वाळला की सावल्या, त्या वाळल्या की उजेड. आणि वाळणं म्हणजे काय, तर ठाण्याची हवा. खाडीवरून येणारा दमटपणा अळशीच्या तेलाला असा धरून ठेवी की एक थर वाळेपर्यंत आमच्या आळीत एखादं लग्न ठरून मोडलेलं असायचं. "तेलाला घाई चालत नाही," मास्तर म्हणत. "घाई असेल त्यानं पाण्यात रंगवावं." ओल्या रंगाला बोट लावणं त्यांच्या लेखी नैवेद्याच्या ताटात उष्टा हात घालण्यासारखं होतं. माझ्या दुसऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळाला एकदा माझी करंगळी लागली. एवढासा डाग. मास्तरांनी सुरी घेतली आणि महिन्याभराचा अख्खा चेहरा खरवडून काढला. रागावले मात्र नाहीत. रडायला आलेल्या माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि म्हणाले, "पुन्हा काढ. चेहऱ्यात फक्त रंग दिसावा. माणसाचा हात दिसला की चित्र संपलं."

पोटासाठी ते गेलेल्या माणसांच्या तसबिरी करीत. घरातलं कुणी गेलं की तेराव्यानंतर माणसं फोटो घेऊन जिना चढत. फोटोतला माणूस मास्तर प्रामाणिकपणे उतरवून घेत, पण रंग भरायला बसले की मान आपोआप म्हाताऱ्याकडे वळे. उजेड म्हाताऱ्याचा, म्हणजे डावीकडून वरून येणारा. सावली म्हाताऱ्याची. डोळ्यांतला ओलावा म्हाताऱ्याचा, आणि नाकाच्या शेंड्यावरचा ठिपका तर ठरलेलाच. त्यामुळे त्या काळात ठाण्यातल्या कोणत्याही बऱ्या घरात जा, भिंतीवरचे वकील, सावकार, भिक्षुक आणि सासूबाई एकमेकांचे सख्खे नातलग दिसत. जन्मभर कोर्टात भांडलेले दोन भाऊबंद मास्तरांच्या हातून एकाच ओल्या नजरेनं जगाकडे बघू लागले, तेव्हा त्यांच्या मुलांनाही जरा चुकल्यासारखं झालं म्हणतात. गंमत अशी की मास्तरांच्या खोलीला एकच खिडकी होती आणि ती उजवीकडे होती. उजवीकडच्या खऱ्या उजेडात बसून आम्ही सगळे डावीकडचा उजेड रंगवत असू, आणि यात काही वावगं आहे हे कित्येक महिने माझ्याही डोक्यात आलं नाही.

कोलशेतच्या एका आगरी घराण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिठागरांवर राबून पुढे चार पैशांना आलेली माणसं. नवं घर बांधलं, ओटीवर आज्याची तसबीर हवी झाली. पण आज्याचा फोटोच नव्हता. नातू म्हणाला, "आमचा आजा फोटूला कदी बसलाच नाय, मास्तर. नाक या काकाचा हाय त्येचासारका, कान माजंच बगा." मास्तरांनी काकाचं नाक बघितलं, नातवाचे कान बघितले, दोघांना सन्मानानं परत पाठवलं आणि आपल्या एका नापास म्हाताऱ्याला आगरी लाल रुमाल बांधून, मिशा पिळून, खांद्यावर पांढरं उपरणं टाकलं. तसबीर पोचवायला आम्ही दोघं टांग्यानं गेलो. बघताक्षणी घरातले पुरुष डोळे पुसू लागले. मग आतून आजीला आणलं. तिनं तसबिरीसमोर बसून पुष्कळ वेळ बघितलं.

"यो त्यो नाय," ती म्हणाली.

 मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता.

"पन र्‍हाऊ द्या," आजी पुढे म्हणाली. "त्यो जाम वरडायचा. यो गप तरी बसलाय."

 पुढे कधी मी तो विषय काढला तर मास्तर म्हणत, "तिला डोळा पटला, हे महत्त्वाचं."

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मास्तर गेल्यावर कितीतरी वर्षांनी मुंबईच्या एका ग्रंथालयात त्याच चित्राचं उत्तम छपाईचं पान माझ्यासमोर आलं. म्हाताऱ्याचा डगला चक्क हिरवा होता. मागची भिंत राखाडी, गालांवर चांगली लाली. आमच्या पानावरचा तो गूढ, गंभीर, सोनेरी-तपकिरी काळोख, ज्याच्यासाठी आम्ही वर्षानुवर्षं तपकिरी रंगाच्या ट्यूबा पिळल्या, तो छापखान्यातल्या शाईचा दोष होता. मला आधी हसू आलं. मग ठाण्यातली सगळी घरं आठवली, डांबरात बुडवून काढल्यासारखे त्यांतले सगळे पूर्वज आठवले, आणि मी ते पुस्तक मुकाट्यानं परत केलं.

आता काकूंबद्दल. काकू म्हणजे मास्तरांची बायको. शिकायला तरुण मुलगी येते म्हणून लोकांनी काही बोलू नये, यासाठी मी असेपर्यंत त्या खिडकीशी तांदळाचं ताट घेऊन बसत. चार वर्षांत त्यांनी निवडलेल्या तांदळावर सगळं ठाणं जेवलं असतं. तोंडानं सारखं काही ना काही चालू असे. "सुमन, तुझ्या म्हाताऱ्याला आज सर्दी झालीय ग," असं त्या म्हणाल्या की खुशाल समजावं, नाकाचा ठिपका मोठा झालाय. चित्रकलेतलं त्यांना काही कळत नव्हतं असं मास्तरांचं मत होतं. माझं मत वेगळं होतं, पण मला कुणी विचारलं नाही.

या घरानं अर्ध्या ठाण्याला भिंतीवर टांगलं, पण काकूंचं चित्र घरात नव्हतं. लग्नातला एक फोटो होता, त्यात त्यांची खाली घातलेली मान आणि मुंडावळ्या दिसत. त्यांनी फार पूर्वी एकदा म्हणून बघितलं होतं. मास्तर म्हणाले होते, "काढू की. आधी म्हातारा पास होऊ दे." त्यालाही वीस वर्षं झाली होती.

त्रेपन्न सालच्या थंडीत काकू एकदा भरल्या ताटातले खडे तसेच ठेवून उठल्या. पुढे जिन्यात पाय चुकला. मुंबईच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हा हळूहळू सगळंच घेऊन जाणार होता. काकूंनी मला ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "डावा गेल्यातच जमा आहे. उजव्यानं नळीतून बघितल्यासारखं दिसतं. वर्षभर चालेल म्हणाले." मग म्हणाल्या, "मला एकदा माझा चेहरा भिंतीवर बघायचाय ग. आरशात बघते तेव्हा मी कुंकू तरी लावत असते नाहीतर केस तरी. स्वस्थ बसलेली मी मला कधी दिसलेच नाही."

मी त्याच आठवड्यात मास्तरांना म्हटलं. ते ब्रश धूत होते.

"म्हातारा अजून..."

"मास्तर, म्हाताऱ्याला तीनशे वर्षं झालीत. तो थांबेल."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी ब्रश फडक्यात गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "मुंबईला चित्रकलेच्या शाळेत असताना समोर जिवंत माणूस बसवायचे. हमाल असायचा एक. मी त्याच्याकडे बघायचो, तर तो माझ्याकडे बघायचा. हात चालायचाच नाही. तिसऱ्या वर्षी सोडून आलो." भिंतीकडे बघून म्हणाले, "हा बघत नाही."

मला वाटे की म्हाताऱ्याचे डोळे सगळ्या खोलीकडे बघतात.  या माणसाची मला दया आली आणि रागही आला, आणि त्यातला राग जास्त होता.

रविवारी सकाळी मास्तर तसबिरी पोचवायला जात. त्या वेळात मी माझ्या पाचव्या नापास म्हाताऱ्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर काकूंना रंगवायला घेतलं. चौकोन नाहीत, काही नाही. ताट मांडीवर, खिडकीचा उजेड उजवीकडून गालावर, जसा होता तसा. चार रविवारांत जमेल तेवढं जमलं. काकूंनी तो कॅनव्हास नाकाशी नेऊन, मान तिरकी करून, तुकड्यातुकड्यानं बघितला.

"बरी आहे," त्या म्हणाल्या. "पण ही तू काढलेली. मला यांनी काढलेली हवी." मग ताटातला खडा चाचपून बाहेर टाकत म्हणाल्या, "सत्तावीस वर्षं त्या मेल्याकडे बघतायत. दोन महिने माझ्याकडे बघितलं तर डोळे झिजणार आहेत का यांचे?"

मास्तर दारात उभे होते. तसबिरीवाले घरी नव्हते म्हणून ते लवकर परतले होते. किती ऐकलं ते मला कळलं नाही. त्यांनी आत येऊन माझ्या हातातलं चित्र घेतलं, खिडकीशी नेलं, बराच वेळ धरलं.

"उजेड उजवीकडून आहे," ते म्हणाले.

"खिडकी तिकडे आहे, मास्तर."

"चूक," ते म्हणाले, आणि चित्र उलटं करून भिंतीशी लावून ठेवलं. आता बाहेरच्या बाजूला माझा पाचवा म्हातारा आला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले तर खोलीचं सगळं सामान फिरलेलं. काकूंचा पाट होता तिथे मास्तरांचं स्टूल, स्टुलाच्या जागी काकू. एवढ्यानं उजेड डावीकडून येऊ लागला होता. सत्तावीस वर्षांत हे करायला कुणाची ना नव्हती. कॅनव्हासच्या शेजारी खिळा ठोकून म्हातारा टांगला होता. मास्तर एकदा काकूंकडे बघत, दोनदा म्हाताऱ्याकडे बघत आणि मग ब्रश उचलत. काकू नवी नऊवारी नेसून, हात मांडीवर ठेवून, कधी नव्हे त्या गप्प बसल्या होत्या.

"बघू नकोस माझ्याकडे," मास्तर मध्येच म्हणाले.

"बघतेय कुठे? मला तुम्ही दिसताय तेवढं तुमचं नाक," काकू म्हणाल्या.

पहिला चेहरा त्यांनी पंधरा दिवसांनी खरवडला. दुसरा महिन्यानं. तिसरा मला चांगला वाटला होता, तोही गेला.  पावसाळा लागला, रंग वाळेना. ज्यांनी जन्मभर तेलाला घाई नको म्हटलं ते मास्तर कॅनव्हासपुढे शेगडी घेऊन बसू लागले, पंख्यानं वारा घालू लागले. कारण काकूंची नळी महिन्यागणिक बारीक होत होती. आधी मास्तरांचं नाक दिसेनासं झालं, मग खिडकीचे गज. मी भाताचं ताट हातात दिलं की त्या बोटांनी काठ शोधत.  पाचव्या चेहऱ्याला मास्तरांनी सुरी लावली नाही.

नवरात्राच्या आधी एका सकाळी ते उठले आणि म्हणाले, "झालं."

म्हातारा पास झाल्याचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, म्हणून तो शब्द ऐकून मीच दचकले. चित्र बघितलं. खरं सांगायचं तर त्यात काकू फारशा नव्हत्या. डावीकडचा उजेड होता, तपकिरी काळोख होता, ओला डोळा होता, नाकावर ठिपका होता. हॉलंडातल्या त्या म्हाताऱ्याची एखादी बहीण नऊवारी नेसून पुण्याकडे दिली असती, तर ती अशी दिसली असती.  या चित्रासाठी त्या बाईनं आपली नजर पुरवून पुरवून वापरली होती.

काकू उठल्या. हात पुढे करत चित्रापाशी आल्या. मी त्यांचा दंड धरायला गेले, त्यांनी सोडवून घेतला. चेहरा कॅनव्हासच्या अगदी जवळ नेला, मान तिरकी केली, खाली-वर केली. काय दिसलं, दिसलं की नाही, देव जाणे. मग उजवा हात वर गेला आणि अंगठा चित्रातल्या गालावर टेकला.

मी डोळे मिटले. मास्तरांची सुरी पॅलेटवरच होती.

"अजून ओलं आहे हो," काकू म्हणाल्या.

"हो," मास्तर म्हणाले.

"नाक तुमच्या म्हाताऱ्याचं आहे."

मास्तरांनी शेजारी टांगलेल्या म्हाताऱ्याकडे बघितलं.

"पण बाई बरी आहे. स्वस्थ बसलीय." मग अंगठा पदराला पुसत त्या म्हणाल्या, "एवढं बघितलंत ना माझ्याकडे? पुरे झालं."

मास्तरांनी बारका ब्रश उचलला, तेलात बुडवला, गालापाशी नेला. तिथे अंगठ्याच्या बारीक रेषा अगदी स्पष्ट उमटल्या होत्या.  मग त्यांनी ब्रश पुसला आणि जागेवर ठेवून दिला. त्यांनी दुरुस्त न करता सोडलेली माझ्या पाहण्यातली ही पहिली आणि शेवटची चूक.

पुढे ते दोघं डोंबिवलीला काकूंच्या भाच्याकडे राहायला गेले. तेव्हा डोंबिवली म्हणजे विहीर, चार आंब्याची झाडं आणि मधूनमधून एखादं बैठं घर. मी अधूनमधून जात असे. मास्तरांनी रंग बंद केले होते. ते काकूंना सकाळी अंगणात बसवून पेपर वाचून दाखवत, आणि वाचताना मध्येच थांबून त्यांच्याकडे बघत बसत. काकूंना ते कळे. "वाचा हो," त्या म्हणत. शेवटच्या खेपेला मास्तर मला फाटकापर्यंत पोचवायला आले. दम लागत होता. म्हणाले, "सुमन, आपल्या ठाण्याच्या खोलीत खिडकी उजवीकडे होती ना?"

"हो, मास्तर."

"तरीच," ते म्हणाले आणि परत फिरले.

पंधरा दिवसांत निरोप आला. मी गेले तेव्हा काकू ओसरीवर बसल्या होत्या. म्हातारा भाच्याच्या मुलांनी काचेसकट कुठेतरी फोडला होता आणि त्याचं कुणाला सुतक नव्हतं. आपलं चित्र मात्र काकूंनी धोतरात गुंडाळून माझ्यासाठी तयार ठेवलं होतं. मी नको म्हटलं. "मी काय करू त्याचं?" त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे उजेड आहे. ने."

ते चित्र आज माझ्या भिंतीवर आहे. खिडकी उजवीकडे आहे, सवयच आहे ती. पुढे मीही घरी चार मुली शिकवू लागले, आणि त्यांना नक्कल करायला देण्यासाठी माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून हेच देत आले. माझं काही मास्तरांसारखं कडक नसतं. मुली शहाण्या, चौकोन आखून अगदी हुबेहूब काढतात. गालावरचा अंगठाही बारक्या ब्रशनं रेघ न् रेघ काढतात आणि हे काय आहे म्हणून विचारतात. मी सांगते, आधी काढ.

मध्ये एक फार हुशार मुलगी आली. तिनं महिन्याभरात चित्र पुरं केलं. डोळा तर मास्तरांपेक्षा सरस. पण गाल कोरा, गुळगुळीत, निर्मळ.

"बाई, तिथे कुणाचा तरी हात लागला होता," ती म्हणाली. "मी दुरुस्त केलं."

मी तिचा हात धरला. ती घाबरली, मागे ओढू लागली. ओल्या रंगाला बोट लावायचं नाही हे मीच तिला शिकवलं होतं. मी तिचा अंगठा त्या गालावर नेला आणि टेकवला.

"आता पास," मी म्हटलं.